तुम्ही या जाऊन

दिल्लीतल्या मराठी माणसाला दोन नोकऱ्या कराव्या लागतात. एक सरकारची, दुसरी पाहुण्यांना दिल्ली दाखवायची. पहिलीतून रिटायर होता येतं. दुसरीतून कुणी रिटायर झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दसरा झाला की फोन सुरू होतात. "थंडी वाढायच्या आत एकदा येऊन जावं म्हणतोय," असं तिकडून म्हणतात, आणि आपण "या की, घर तुमचंच आहे" म्हणतो, कारण दुसरं काय म्हणणार? येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. कुणाचे गुडघे बदललेले, कुणाचे बदलायचे राहिलेले. आणि आमचे हे त्यांना सकाळी लाल किल्ल्यापासून जे पळवायला लागत, ते संध्याकाळी इंडिया गेटवर सगळे गारद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी माझ्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये नुसता बामाचा वास. पाहुणे आडवे आणि मी स्वयंपाकघरात उभी.

या त्रासातून मला सोडवलं साळवेताईंनी. म्हणून त्यांच्याविषयी लिहिते आहे, नाहीतर मी काही लिहिणाऱ्यांतली नाही.

एस्तेर साळवे. मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. आई मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. ताई अगदी तरुणपणी मंत्रालयात टायपिस्ट म्हणून दिल्लीत आल्या आणि सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाल्या. मी त्यांच्याच सेक्शनला होते. लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर "फाइल वेळेवर पुट अप झाली नाही," म्हणायच्या आणि समोरच्याच्या हातात कामाचा कागद ठेवायच्या. ठेंगण्या, चालणं ठाम, बोलणं मोजकं. खांद्याला कायम एक कापडी पिशवी आणि त्या पिशवीत कायम एक बस्कर. जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेलं, कडेला निळा धावदोरा घातलेलं. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "मम्मी, बस्कर म्हणजे काय?" दिल्लीत वाढलेल्या पोरांचे असे शब्द गळतात. मी सांगायच्या आत ताईंनी ते जमिनीवर अंथरलं आणि म्हणाल्या, "बस यावर. हां, याला म्हणतात बस्कर."

रिटायर झाल्यावर आमच्या मराठी मंडळाने त्यांच्या गळ्यात ज्येष्ठांची सहल घातली. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांना दिल्ली दाखवायची. दुसरं कुणी असतं तर प्रेक्षणीय स्थळांची नावं काढून बसलं असतं. ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "बसायला कुठे कुठे आहे?" कुणालाच सांगता येईना. आम्ही सगळे दिल्लीत वर्षानुवर्षं राहिलेलो, पण कुतुबच्या आवारात बाक कुठे आहे ते एकालाही ठाऊक नव्हतं. उभ्याने बघून परत येणारी माणसं आम्ही.

मग त्यांनी त्यांची पद्धत सुरू केली. सहलीच्या आदल्या दिवशी त्याच वेळी त्या एकट्या तिथे जायच्या आणि प्रत्येक बाकावर बसायच्या. याला त्या 'बसून बघणं' म्हणायच्या. बाक फार खाली आहे का? "बसायला काय, कुणीही बसतं. उठायचं कसं ते बघायचं." पाठ टेकते का, त्या वेळेला सावली कुठून कुठे सरकते, संडासाला उंबरठा आहे का, आतून कडी लागते का, आणि मुख्य म्हणजे लागलेली कडी थरथरत्या हाताने निघते का. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. ताई एका बाकावर बसल्या, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मी कंटाळून म्हटलं, "ताई, झोपलात का?" तर म्हणाल्या, "झोप येते का तेच बघतेय. येत असली तर बाक चांगला."

दिवसाला दोनच ठिकाणं, असा त्यांचा कायदा. सकाळी एक, दुपारी एक, मध्ये निवांत जेवण आणि पाठ टेकायला जागा. यावरून कुरकुर व्हायचीच. एवढं तिकीट काढून आलो आणि दोनच? ताई शांतपणे म्हणायच्या, "घरी जाऊन काय बघितलं ते सांगायचंय, की किती दुखलं ते?" 

गाडी सतपालची. नजफगढचा टेम्पो ट्रॅव्हलरवाला, माणूस सोन्यासारखा, पण त्याला एक खोड होती. त्याला कुठलंही अंतर विचारा, तो म्हणायचा, "सामने ही है जी." अर्धा किलोमीटर असो नाहीतर रस्ता ओलांडून पलीकडे, सगळं सामनेच. अर्थात, हे एकट्या सतपालचं नाही, दिल्लीत सगळ्यांचंच आहे. पण ताईंना त्या शब्दाचा इतका राग की एरवी कधी आवाज न चढवणाऱ्या या बाई त्यावर फटकन बोलायच्या. "सामने तो चाँद भी है, सतपाल. गाडी गेट से लगाओ." तो हसायचा आणि गाडी गेटला लावायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. हा वाद त्यांच्यात शेवटपर्यंत चालला.

आमच्या माईमावशींची गोष्ट मंडळात अजून सांगतात. माईमावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, कराडच्या. त्यांना कुतुबला नेलं. आत थोडा चढ आहे. ताई पुढे आजोबांच्या घोळक्याबरोबर होत्या, माईमावशी मागे पडल्या आणि धापा टाकायला लागल्या. जवळ एक चौकीदार उभा होता. त्याला त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या, "भैया, मेरे को दम लगता है." तो बिचारा भला माणूस. त्याने ऐकलं की माताजींना जोर लावायचाय. म्हणाला, "हाँ हाँ माताजी, लगाइए दम. शाबाश." माईमावशींना वाटलं सरकारी माणूस आहे, थांबायची परवानगी देत नाहीये. चढल्या की हो तशाच. त्या पुन्हा म्हणाल्या, "बहुत दम लगता है." तो म्हणाला, "बिल्कुल, और लगाइए." वर पोचल्या तेव्हा चेहरा पांढराफटक.

ताईंनी आधी त्यांना बस्करावर बसवलं, पाणी दिलं, पदराने वारा घातला. मग त्या चौकीदाराकडे जाऊन समजावून सांगितलं, की आमच्याकडे दम लागणं म्हणजे साँस फूलना. तो इतका ओशाळला की स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आला. त्या दिवसापासून सहलीची गाडी निघाली की ताई सगळ्यांकडून एक वाक्य घोकून घ्यायच्या, पाढे म्हणावेत तसं एका सुरात: "साँस फूल रही है, कुर्सी दीजिए." सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं शाळेतल्यासारखी ओरडायची. नागपूरच्या एका काकांना तर ते वाक्य इतकं पसंत पडलं की संध्याकाळी बायकोने साडीच्या दुकानात नेलं तेव्हा दारातच त्यांनी ते म्हटलं आणि खुर्ची मिळवली. चहासुद्धा मिळाला म्हणे.

तर बाक, सावली, कडी, हिंदी वाक्य, हे सगळं कशासाठी चाललं होतं? तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यांना आराम पडावा म्हणून. तसं नव्हतं. ताईंना एक वाक्य कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. "तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच."

हे वाक्य तुमच्याही घरात आहे. आपल्याकडची म्हातारी माणसं दमली असं सांगत नाहीत, कुणाला अडवत नाहीत. हसून म्हणतात, तुम्ही या जाऊन. आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. आपण जातो. ताईंच्या सहलीत कुणी हे वाक्य म्हणालं की त्या अख्खी सहल थांबवायच्या. "मग सगळेच इथे बसू. इथूनही दिल्लीच दिसते." आणि खरंच सगळ्यांना बसवायच्या, संत्री काढायच्या. मला वैताग यायचा. एकदा तर एका आजींसाठी आम्ही अर्धी सकाळ एका झाडाखाली काढली आणि बाकीचं बघायचं राहिलं. मी चिडून म्हटलं, "ताई, एका माणसासाठी पंधरा जणांचा खोळंबा कशाला?" त्या म्हणाल्या, "पंधरा जण पुन्हा येतील, नंदा. ही एक येणार नाही."

चाकाच्या खुर्चीचं प्रकरण त्यातूनच निघालं. मंडळाला कुणीतरी एक खुर्ची दिलेली होती, ती सतपालच्या गाडीत मागे घडी करून ठेवलेली असायची. पण तिच्यात बसायला कुणी तयार नसायचं. चाकाची खुर्ची म्हटलं की माणसाला हॉस्पिटल आठवतं. एका सहलीला सुभेदार जाधव आले होते, साताऱ्याकडचे. मुलगाही फौजेत, कँटोन्मेंटमध्ये क्वार्टर होतं, तिथे राहायला आलेले. कंबर पार धरलेली, पण पाठ ताठ. लोधी गार्डनमध्ये शिरलो तेव्हाच त्यांचं पाऊल ओढत होतं. खुर्चीचं नाव काढताच म्हणाले, "फौजी माणूस पायाने जातो."

 ताईंनी खुर्ची उलगडली आणि स्वतःच तिच्यात बसल्या. म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, हिचं चाक डावीकडे ओढतंय असं वाटतं. जरा ढकलून बघता?" आता गाडीची तपासणी म्हटल्यावर फौजी माणूस नाही कसं म्हणणार? त्यांनी दोन्ही हातांनी मुठी धरल्या, आणि धरायला आधार मिळाल्यावर त्यांचं चालणंही सुधारलं. एक फेरी झाल्यावर ताई उतरल्या. "मला काही कळत नाही त्यातलं. तुम्ही बसा, मी ढकलते. तुम्हाला बसल्यावर कळेल." सुभेदार बसले. चाकाकडे वाकून बघत, "हां, ओढतंय थोडं," असं म्हणत त्यांनी सगळी बाग पाहिली. चाकाला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनाही ते ठाऊक असणार, पण जाताना त्यांनी ताईंना कडक सलाम ठोकला.

नंतर हे ठरूनच गेलं. आधी ताई बसणार, एक फेरी मारणार आणि उतरून म्हणणार, "आता तुमची पाळी." पाळी म्हटलं की माणसं बसत, खेळात कुणाला लाज वाटत नाही.

एक गोष्ट मात्र खटकायची. ताईंच्या सहलीत राजघाट कधीच नसायचा. माणसं हटकून विचारायची, दिल्लीला येऊन राजघाट नाही? ताई म्हणायच्या, "तिथे चपला काढाव्या लागतात," आणि विषय संपवायच्या. हे कारण मला पटेना. चपला तर गुरुद्वारातही काढाव्या लागतात आणि तिथे त्या आनंदाने नेत. एकदा मेट्रो स्टेशनवर, लिफ्टची वाट बघत असताना, मी सरळ विचारलं. मला आडवळणाने विचारता येत नाही.

त्यांनी सांगितलं, अगदी ऑफिसातली हकीकत सांगावी तसं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आई दिल्लीला आली होती, मे महिन्याच्या सुट्टीत, बरोबर नगरचे काही नातेवाईक. आईला एकच बघायचं होतं, राजघाट. वर्गात इतकी वर्षं शिकवलेलं. उन्हात चालत चालत चपला काढायच्या जागेपर्यंत ती आली. पुढचा दगड तापलेला. आई झाडाच्या सावलीत टेकली आणि म्हणाली, तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच. कुणीतरी म्हणालं, मग चपला स्टँडवर कशाला, हरवतात, आई बसलीच आहे. सगळ्यांनी तिच्यासमोर चपला काढल्या.

"मीही काढल्या," ताई म्हणाल्या. "आम्ही आत जाऊन, फोटो काढून आलो. आई चपला राखत बसलेली. रात्री मला विचारते, आत काय होतं गं? आणि नगरला गेल्यावर मुलांना सांगितलं, राजघाट पाहिला. पुन्हा काही तिचं येणं झालं नाही. हे बस्कर तिने तिथून शिवून पाठवलं, तुमच्या दिल्लीला बसायला काही नाही म्हणून." लिफ्ट आली. आम्ही आत शिरलो. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.

पुढे ताईंचं वय झालं. त्यांना स्वतःलाच दम लागायला लागला, गुडघेही गेले. नगरला भाची होती, तिने येऊन राहायला सांगितलं आणि ताईंनी हो म्हटलं. जायच्या आधीची शेवटची सहल होती नगरहून आलेल्या निवृत्त शिक्षिकांची. त्यांतल्या सगळ्यांत वडील होत्या काळेबाई. त्या दिल्लीत उतरल्या त्याच दिवशी म्हणाल्या, "बाकी काही नको, पण राजघाट दाखवा." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. नंदा, उद्या तू जाऊन बसून बघ. मला नाही जमणार."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं होतं. मी गेले. प्रत्येक बाकावर बसले, डोळे मिटून बसले. चपला काढून दगडावर उभी राहिले. थंडीतलं कोवळं ऊन होतं, दगड कोमट होता. तसं ताईंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की? भाजत नाही?"

दुसऱ्या दिवशी सतपालने गाडी न सांगता गेटला लावली. "सामने ही है जी," तो सवयीने म्हणाला. ताईंनी त्याला चंद्राचं ऐकवलं नाही. आम्ही हळूहळू, थांबत थांबत चपला काढायच्या जागेपर्यंत आलो. सतपाल घडी केलेली खुर्ची घेऊन मागून येत होता. तिथल्या झाडाखालच्या एका बाकावर ताईंनी बस्कर टाकलं आणि बसल्या. चांगलीच धाप लागली होती. नगरच्या बायका चपला काढायला लागल्या, तशा ताई हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी बसते इथेच. चपला ठेवा हवं तर."

माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि मला रडू आलं की मी चिडते. मी सतपालच्या हातातून खुर्ची घेतली, उलगडली आणि तिच्यात बसले. धडधाकट बाई मी, जाणारे-येणारे बघायला लागले. म्हटलं, "सतपाल, चलाओ. एक चक्कर." त्याने काहीही न विचारता मला ढकलत नेलं आणि वळवून ताईंपुढे आणून उभं केलं. मी उतरले.

"आता तुमची पाळी," मी म्हटलं.

"माझीच विद्या मलाच शिकवतेस?"

"विद्या तुमची, गुडघेही तुमचेच. बसा."

"चपलांजवळ कुणीतरी हवं ना?"

"स्टँड आहे. आणि हरवल्या तर हरवल्या. काळेबाई, चपला तिकडे द्या. सगळ्यांनी."

काळेबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण त्या शाळेच्या मुख्याध्यापिका राहिलेल्या. त्यांनी सगळ्यांच्या चपला गोळा करवून स्टँडवर पाठवल्या. मी बस्कर उचलून खुर्चीत अंथरलं. ताई उठल्या, माझ्या खांद्याला धरून एकेक पाऊल उचलत खुर्चीपर्यंत आल्या आणि बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या काढ गं, मला वाकता येत नाही." मी खाली बसून त्यांच्या चपला काढल्या आणि माझ्या चपलांबरोबर दिल्या.

सतपालने खुर्ची आत नेली. मी बाजूने चालत होते. समाधीपाशी आम्ही थांबलो. काळा दगड, त्यावर फुलं, ज्योत. बायका हात जोडून उभ्या राहिल्या. ताईंनी मांडीवर हात ठेवले होते. त्यांनी समाधीकडे पाहिलं आणि मग मान वळवून आम्ही आलो त्या वाटेकडे. जिथे त्यांचा बाक होता, तिथलं झाड तिथूनही दिसत होतं.

"एवढंच अंतर होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"इतक्या वर्षांत मला वाटायला लागलं होतं, खूप लांब आहे. म्हणून आई आली नाही, असंच धरून चालले मी."  मग हळू आवाजात म्हणाल्या, "समोरच होतं गं."

मागे सतपाल खुर्चीच्या मुठी धरून उभा होता. त्याला मराठी येत नाही, पण इतकी वर्षं आमच्याबरोबर हिंडून तेवढा शब्द त्याला कळत होता. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.